चांगला फोटो नशिबाने मिळतो का? खोपोलीच्या घाटापासून सीएसटीपर्यंतची उत्तरं

पावसाळा सुरू झाला की खोपोली, कर्जत, खंडाळा भागातल्या फोटोंनी सोशल मीडिया भरून जातो. ढगातून बाहेर पडणारी ट्रेन, झेनिथ धबधब्यावर पडलेली उन्हाची तिरीप, डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेलं इंद्रधनुष्य. अशा फोटोखाली एक कमेंट हमखास असते: "नशीबवान आहेस भावा!"

ही दाद असते, पण फोटो काढणाऱ्याला ती अर्धवट वाटते. पहाटेची कर्जत लोकल पकडून तो पाचव्यांदा तिथे आलेला असतो, हे कमेंट करणाऱ्याला माहीत नसतं. दुसऱ्या बाजूला, जगातले काही अतिशय गाजलेले फोटो खरोखरच योगायोगाने मिळाले आहेत आणि ते काढणाऱ्यांनी तसं कबूलही केलं आहे.

मग फोटोत नशिबाचा वाटा नेमका किती? नशीब म्हणजे इथे काय? आणि ते थोडंफार आपल्या हातात असतं का?

योगायोगाला मराठीत दोन जुने शब्द

फोटोग्राफीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे योगायोगासाठी दोन नेमके शब्द आहेत.

पहिला काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच वेळ येते, त्यात कावळ्याचं कर्तृत्व काही नसतं. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही आपली रोजची म्हण तेच सांगते.

दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणारा किडा कोरत जातो आणि कधीतरी त्या रेघांमधून एखादं अक्षर उमटतं. किड्याला लिहिता येत नाही, पण अक्षर मात्र खरं असतं.

फोटोतला योगायोगही असाच दोन प्रकारचा असतो. समोर दोन गोष्टी एकाच क्षणी घडणं, हा कावळ्याचा प्रकार. न ठरवता काढलेल्या शेकडो फोटोंमधून एखादा उत्तम निघणं, हा किड्याचा. फरक एवढाच की कॅमेरा हातात असलेल्या माणसाला अक्षर ओळखता येतं. पुढच्या सगळ्या गोष्टी या फरकावर उभ्या आहेत.

बोरघाटाचे पहिले फोटो आणि नशिबाला नसलेली जागा

खोपोलीचं आणि कॅमेऱ्याचं नातं फार जुनं आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. पुढे सह्याद्रीची भिंत होती. पलीकडे खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट प्रवाशांना रस्त्यानेच चढावा लागे. हा तुटलेला दुवा जोडण्यासाठी बोरघाटाचं काम चालू होतं.

हे कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराकडे आलं. भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा आजाराने मृत्यू झाला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं, अभियंते नेमले आणि काम पुरं करून घेतलं. १८६१ च्या सुमारास या कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. एप्रिल १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला.

अॅलिस ट्रेडवेलने घाटाच्या बांधकामाचे फोटोही काढले. बोगदे, कमानींचे पूल, कापलेले कडे त्या फोटोंमध्ये दिसतात.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे पाहिलं की नशिबाचा प्रश्न सोपा होतो. तेव्हा काचेच्या प्लेटवर ओलं रसायन लावून फोटो घेण्याची पद्धत रूढ होती. प्लेट तयार करायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद झाकण उघडं ठेवायचं आणि रसायन सुकण्याआधी अंधाऱ्या तंबूत जाऊन ती धुवायची. हे सगळं साधारण १० ते १५ मिनिटांत उरकावं लागे.

अशा कॅमेऱ्यासमोर जे स्थिर राहील तेच नीट उमटायचं. चालता मजूर धूसर व्हायचा किंवा अजिबात दिसायचा नाही. उडता पक्षी, हलता झेंडा, क्षणात येऊन गेलेलं ऊन, यातलं काहीच पकडता येत नसे. 'क्षण साधला' असं म्हणण्याची सोयच तेव्हा नव्हती.

तरीही एक योगायोग त्या काळातही होता. कागदावरच्या निगेटिव्हचा शोध लावणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बॉटने १८४४ ते १८४६ दरम्यान प्रकाशित झालेल्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात तो टिपून ठेवला आहे. फोटो काढताना लक्षातही न आलेल्या गोष्टी नंतर त्यात सापडतात, असं त्याचं निरीक्षण होतं. इमारतीवरचा मजकूर किंवा लांबच्या घड्याळातली वेळसुद्धा फोटोत निघते. चित्रकार जेवढं पाहतो तेवढंच काढतो, पण कॅमेरा न पाहिलेलंही घेतो. फोटोतल्या नशिबाचं मूळ इथे आहे.

पुढे शटरचा वेग वाढला. सेकंदाचा शंभरावा, हजारावा भाग पकडता येऊ लागला आणि 'क्षण' नावाची गोष्ट फोटोग्राफीत आली. तिच्यामागोमाग नशीबही आलं.

नशीब एक नाही, चार आहेत

'नशिबाने फोटो मिळाला' असं म्हणताना आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. त्या सुट्या केल्या की चित्र स्पष्ट होतं.

१. त्या जागी असण्याचं नशीब

महाराष्ट्रातलं याचं सर्वात ठळक उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचं आहे. तेव्हाच्या सीएसटी स्थानकासमोरच 'टाइम्स ऑफ इंडिया'ची इमारत आहे आणि 'मुंबई मिरर'चं कार्यालयही तिथेच होतं. 'मिरर'चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा यांनी गोळीबाराचा आवाज ऐकला. कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन ते स्थानकात धावले. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यांचा आडोसा घेत त्यांनी फोटो काढले. त्यातला एक फोटो जगभर गेला: पाठीवर बॅग, हातात एके-४७ घेतलेला अजमल कसाब.

कार्यालय स्थानकासमोर असणं, हे नशीब. पण ते एकट्या डिसूझांचं नव्हतं. त्या इमारतीत त्या रात्री इतर लोकही होते आणि आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता. आवाजाच्या दिशेने धावणं ही वेगळी गोष्ट होती. अंधुक उजेडात, फ्लॅश न वापरता, थरथरत्या हातांनी धूसर न होणारा फोटो घेणं ही तिसरी. पहिली गोष्ट योगायोग, दुसरी धैर्य आणि तिसरी अनेक वर्षांची सवय.

या फोटोमुळे काय बदललं हेही पाहायला हवं. डिसूझांनी न्यायालयात साक्ष दिली आणि हे फोटो खटल्यातला पुरावा ठरले. डिसूझा आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकर या दोघांच्या कामाची सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात दखल घेतली.

याच्या उलट बाजूही आहे. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचं शिक्षण मुंबईत झालं आणि पुढे त्यांनी दिल्लीत काम केलं. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, पण पतीच्या सांगण्यावरून मागे फिरल्या. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ही खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली.

त्याच दिवशी फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेला होता. बातमी कळताच तो परतला आणि बिर्ला हाऊसच्या फाटकाशी गांधीजींच्या निधनाची घोषणा करणाऱ्या नेहरूंचा फोटो त्याला मिळाला. एकच दिवस, एकच शहर आणि दोन्ही फोटोग्राफर तोलामोलाचे. इथे फरक खरोखरच नशिबाचा होता. कौशल्य कितीही असलं तरी हा वाटा शून्य होत नाही.

२. चौकटीत अचानक काही येण्याचं नशीब

पॅरिसमधल्या गार सें-लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये कार्तिए-ब्रेसाँने एक फोटो घेतला. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि मागे भिंतीवरच्या पोस्टरवर तशीच झेप घेणारी नर्तकी. फळ्यांच्या कुंपणातल्या फटीतून त्याने लेन्स आत घातली होती आणि समोरचं त्याला नीट दिसतही नव्हतं. पुढे याबद्दल विचारल्यावर त्याने श्रेय नशिबाला दिलं. आपण फक्त स्वीकारायला तयार असायला हवं, असा त्याच्या उत्तराचा सूर होता.

दुसरं उदाहरण इवो जिमाचं. २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या या बेटावरच्या टेकडीवर अमेरिकी सैनिक झेंडा उभारत होते. असोसिएटेड प्रेसचा जो रोझेन्थल उंचीने कमी, म्हणून उभं राहायला दगड रचत होता. तेवढ्यात झेंडा वर जाऊ लागला. त्याने व्ह्यूफाइंडरमध्ये न बघताच कॅमेरा वळवून शटर दाबलं. फोटो कसा आला हे त्याला तेव्हा कळलंही नाही, कारण फिल्म धुवायला ग्वाम बेटावर गेली. त्या फोटोला पुलित्झर मिळालं.

पण रोझेन्थल तिथे कसा होता? आधीचा एक झेंडा टेकडीवर लागल्याचं कळल्यावरही तो चढून वर गेला होता. 'आता उशीर झाला' म्हणून तो खालूनच फिरला असता, तर दुसरा झेंडा चढताना त्याला दिसलाच नसता.

३. ओळखण्याचं नशीब

हे नशीब कमी आणि सराव जास्त आहे. १ नोव्हेंबर १९४१ ला अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ॲन्सेल ॲडम्स गाडीने जात होता. हर्नांडेझ गावाजवळ त्याला दिसलं की पूर्वेला चंद्र वर आला आहे आणि मावळत्या सूर्याचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडला आहे. त्याने गाडी थांबवली. प्रकाश मोजायचं मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता आकड्यांत त्याला पाठ होती. त्यावरून त्याने हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसऱ्या फोटोची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता.

देखावा नशिबाने मिळाला. मीटर न सापडणं हे दुर्दैव. त्या दोन्हींच्या मध्ये पाठ असलेला एक आकडा उभा होता. तो नसता तर आज 'मूनराइज, हर्नांडेझ' हा फोटो नसता.

गंमत म्हणजे ॲडम्स या फोटोचं साल वेगवेगळं सांगत असे. चंद्राच्या आकाशातल्या जागेवरून खगोलशास्त्रज्ञांनी नंतर नेमकी तारीख आणि वेळ काढली. म्हणजे नशिबाने समोर आलेला तो क्षणसुद्धा गणिताच्या वेळापत्रकावरच चालत होता.

४. फोटो गाजण्याचं नशीब

उत्तम फोटो काढणं आणि तो लोकांपर्यंत पोहोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिव्हियन मायर ही शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी बाई. आयुष्यभरात तिने एक लाखाहून अधिक फोटो काढले, पण ते कोणाला दाखवले नाहीत. २००७ मध्ये तिच्या सामानाच्या लिलावात निगेटिव्हची खोकी विकली गेली आणि मग जगाला ती कळली. तोपर्यंत तिचं आयुष्य संपत आलं होतं. २००९ मध्ये ती वारली.

सोशल मीडियावरचं गाजणंही असंच बेभरवशाचं असतं. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांचा एक प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली. लोकांचे वेगवेगळे गट केले आणि प्रत्येक गटात 'हे गाणं इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं' ते दिसेल अशी सोय केली. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर आली. अगदी वाईट गाणी सहसा गाजली नाहीत आणि अगदी चांगली तळाला गेली नाहीत. पण मधल्या मोठ्या गर्दीत कोण पुढे जाणार हे सुरुवातीच्या थोड्या लोकांच्या पसंतीने ठरलं.

फोटोलाही हे लागू पडतं. तुमच्या फोटोला ४० लाइक्स आणि शेजारच्या तशाच फोटोला ४० हजार, यावरून तुमचा फोटो हजारपट वाईट ठरत नाही.

खोपोलीत नशिबाचं वेळापत्रक कसं वाचायचं?

ज्याला आपण नशीब म्हणतो त्यातलं बरंच काही आधी कळू शकतं. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, पश्चिमेला आहे. म्हणजे समोरचा कडा पूर्वेला येतो. एवढ्या एका माहितीवरून पुष्कळ गोष्टी ठरतात.

• कड्यावरचं ऊन: सकाळी सूर्य घाटाच्या मागून येतो, त्यामुळे खोपोलीकडची बाजू सावलीत असते. धबधब्यांवर आणि कड्यावर थेट ऊन हवं असेल तर दुपारनंतरची वेळ योग्य.

• इंद्रधनुष्य: ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला दिसतं. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसत नाही. म्हणून घाटावर इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पश्चिमेला झुकलेला असायला हवा. जून-जुलैत ही वेळ साधारण चार-सव्वाचारनंतर येते. सकाळी अकरा वाजता खोपोलीतून त्याची वाट पाहणं व्यर्थ.

• इंद्रवज्र: ढगावर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती दिसणारं गोल इंद्रधनुष्य. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १९ व्या शतकात हरिश्चंद्रगडावरून त्याची नोंद केली होती. त्यासाठी पाठीमागे ऊन आणि समोर, खाली दरीत धुकं हवं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यांवर हे सकाळीच जुळू शकतं.

• पौर्णिमेचा चंद्र: तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणजे खोपोलीतून घाटाच्या बाजूला. डोंगराच्या उंचीमुळे प्रत्यक्षात थोडा उशिरा दिसतो. दुसऱ्या दिवशी तो सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, तेव्हा आभाळात उजेड उरलेला नसतो.

• काजवे: राजमाची आणि कर्जत परिसरात मे महिन्याच्या शेवटापासून पाऊस स्थिरावेपर्यंत. अमावास्येच्या आसपासच्या रात्री त्यातल्या त्यात चांगल्या. त्यांच्या झाडीत टॉर्च आणि फ्लॅश मारू नये, कारण त्यांची जोडीदाराला बोलावण्याची खूण प्रकाशाचीच असते.

• कारवी: हे झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ आणि २०२४ मध्ये बहर आला होता. ज्याला हे माहीत नाही त्याला तो योगायोग वाटतो, ज्याला माहीत आहे तो आधीच रजा टाकून ठेवतो.

• गाड्या: बोरघाटाचा चढ तब्बल ३७ ला १ आहे, त्यामुळे कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. गाडीची वेळ वेळापत्रकात असते. उरतो तो फक्त ढगाचा प्रश्न.

एवढं जुळवल्यावर नशिबाकडे जे उरतं ते थोडं असतं: त्या पाच मिनिटांत ढग फाटतील का?

फेऱ्यांचं गणित

समजा, योग्य वेळी गेल्यावरही मनासारखा उजेड मिळण्याची शक्यता फक्त ५ टक्के आहे. हा आकडा उदाहरणासाठी धरलेला आहे. प्रत्येक फेरी स्वतंत्र मानली तर निदान एकदा तरी तो उजेड मिळण्याची शक्यता अशी वाढते:

• १ फेरी: ५ टक्के
• ५ फेऱ्या: सुमारे २३ टक्के
• १० फेऱ्या: सुमारे ४० टक्के
• २० फेऱ्या: सुमारे ६४ टक्के
• ४५ फेऱ्या: सुमारे ९० टक्के

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, ज्याच्या घरातून घाट दिसतो तो खोपोलीकर वीकेंडला मुंबई-पुण्याहून येणाऱ्यापेक्षा 'नशीबवान' असतो, कारण त्याच्या फेऱ्या फुकट होतात. दुसरी, २० फेऱ्या करूनही सुमारे ३६ टक्के लोक रिकाम्या हाताने परततील. त्यांची मेहनत कमी नव्हती, पण त्यांचे फोटो आपल्याला कधी दिसतच नाहीत. फीडवर फक्त जिंकलेली तिकिटं दिसतात, न लागलेली नाहीत. म्हणून फीड बघून 'तिथे गेलं की असाच फोटो मिळतो' असा समज होतो आणि तो चुकीचा असतो.

चार महिन्यांचा 'योगायोग'

या गणिताचं खरंखुरं उदाहरण मुंबईतलं आहे. वन्यजीव छायाचित्रकार नयन खानोलकर यांना आरे कॉलनीतल्या वस्तीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचा फोटो हवा होता. इथल्या वारली लोकांनी बिबट्याचा वावर स्वीकारलेला आहे आणि त्यांच्या चित्रांतही तो असतो. माणूस आणि बिबट्या शेजारी कसे राहतात, हे खानोलकरांना दाखवायचं होतं.

त्यांनी आधी वस्तीतल्या लोकांना विश्वासात घेतलं. गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखा वाटेल असा फ्लॅशचा प्रकाश जुळवला. बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये, घरंही दिसावीत, अशी कॅमेऱ्याची जागा ठरवली. आणि मग वाट पाहिली. हवा तसा फोटो मिळायला चार महिने लागले. 'द अ‍ॅली कॅट' या नावाच्या या फोटोला लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या २०१६ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी गटाचं पारितोषिक मिळालं.

त्या रात्री बिबट्याने त्याच गल्लीतून जाणं आणि क्लिकच्या आवाजाने क्षणभर कॅमेऱ्याकडे बघणं, हा योगायोगच. पण तो घडेल तेव्हा प्रकाश, चौकट आणि कॅमेरा जागेवर होते. योगायोगाला उभं राहायला जागा करून ठेवलेली होती.

मोबाइलने नशीब कमी केलं का?

बऱ्याच अंशी हो. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात चार मीटर पुढे गेलेली असते. पूर्वी हा उशीर अंदाजाने भरून काढावा लागे. आता अनेक फोनचे कॅमेरे बटण दाबण्याआधीपासूनच चित्रं साठवत असतात आणि दाबलेल्या क्षणाच्या जवळचं चित्र निवडतात. बर्स्ट मोडमध्ये सेकंदाला अनेक फोटो निघतात. घुणाक्षराच्या किड्याला जणू हजार तोंडं आली.

पण कोरण्याचं काम स्वस्त झालं तसं अक्षर शोधण्याचं काम महाग झालं. एका फेरीत ६०० फोटो निघाले तर त्यातला एक निवडायला नजर लागते. अनेकांच्या गॅलरीत त्यांचा सर्वोत्तम फोटो न पाहिलेला पडून असतो. फेरीनंतर दोन दिवसांनी, उत्साह ओसरल्यावर, सगळे फोटो शांतपणे पुन्हा पाहणं हा नशीब वाढवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग आहे.

जिथे नशिबावर विसंबायचं नसतं

नशिबाची चर्चा एका ठिकाणी गंभीर होते. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक वाढलेल्या पाण्याने एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्याच कुंभे धबधब्याजवळ रील करण्यासाठी गेलेल्या तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला.

घाटाच्या पायथ्याशी धोका ओळखणं अवघड का जातं, याला कारण आहे. झेनिथसारख्या धबधब्याचं पाणी वरच्या पठारावरून येतं. खाली खोपोलीत ऊन असतानाही वर खंडाळ्याच्या बाजूला जोरदार पाऊस पडत असू शकतो. ते पाणी काही वेळाने खाली पोहोचतं आणि प्रवाह पाहता पाहता फुगतो. पाणी अचानक गढूळ होणं, पाला-काटक्या वाहून येणं, आवाज वाढणं ही खूण दिसली की त्या क्षणी बाहेर पडायचं. फोटो अर्धा राहिला तरी चालेल. पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते याच अनुभवातून. घाटातल्या रेल्वेमार्गावर विनापरवाना जाणं तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हाच आहे.

इथेही तेच फेऱ्यांचं गणित लागू होतं, फक्त उलट्या दिशेने. कड्याच्या टोकावर एकदा पाय टिकला म्हणजे जागा सुरक्षित ठरत नाही. धोका छोटा असला तरी तो दर फेरीला पुन्हा घेतला की एकूण शक्यता वाढत जाते. चांगल्या उजेडासाठी ४५ फेऱ्या करता येतात, कारण ४४ वेळा हुकलं तरी माणूस घरी येतो. पाय घसरण्याच्या बाबतीत एकदाच हुकणं पुरेसं असतं.

मग उत्तर काय?

एका फोटोपुरतं बोलायचं तर नशिबाचा वाटा मोठा असू शकतो. रोझेन्थलच्या झेंड्यात तो होता, सें-लाझारच्या उडीत होता, होमाईबाईंच्या हुकलेल्या फोटोतही होता. पण दहा-वीस वर्षांचं काम एकत्र पाहिलं की हा वाटा आटत जातो. कावळा एकदा बसतो आणि फांदी मोडते, हा योगायोग. त्याच माणसाच्या फोटोंत ती पुन्हा पुन्हा मोडताना दिसली, तर कुठली फांदी वाळली आहे हे त्याला कळतं असं समजायला हरकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी घाटातल्या उजेडाचा सुंदर फोटो दिसला, तर 'नशीबवान आहेस' यासोबत आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: "कितव्या फेरीत मिळाला?"

उत्तर 'पहिल्याच' असं आलं तर अभिनंदन करावं. 'एकोणिसाव्या' असं आलं तर त्याच्याकडून वेळ, दिशा आणि जागा विचारून घ्यावी. पुढची फेरी आपली असते.